उभ्याने दिलेलं मत

माझं काम लोक काय म्हणाले ते सांगण्याचं. नोएडातल्या एका हिंदी वेबसाइटच्या मनोरंजन डेस्कवर मी बारा वर्षं आहे. परदेशातला तो मोठा फिल्म पुरस्कार सोहळा आला की 'यूजर्स बोले', 'फैंस हुए आगबबूला' अशा मथळ्यांखाली जे काही छापून येतं ते मीच लिहिते. लोकांनी फोनवर खरडलेल्या दोन-चार ओळी वाचायच्या, त्यातला खरा राग कुठला आणि टिंगल कुठली ते ओळखायचं, आणि दहा मिनिटांत बातमी लावून मोकळं व्हायचं. मला माणसाच्या चार शब्दांवरून त्याचा रोख कळतो, असं ऑफिसात सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्या वर्षी माझ्या घरात एक माणूस एकच शब्द बोलत होता, आणि तो मला चार महिने कळला नाही.

ते माझे बाबा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत वाचाही गेली. आई चार वर्षांपूर्वीच गेलेली. दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा हॉलमधला दिवाण हलवून तिथे हॉस्पिटलसारखा उंच पलंग टाकला, समोर टीव्ही. दिवसा एक बाई मदतीला ठेवली. ती झारखंडची, मायाळू, बाबांना बाबूजी म्हणायची. सकाळी-संध्याकाळी मी.

महिनाभर बाबांच्या तोंडून नुसते आवाज यायचे. मग एका सकाळी ती बाई त्यांना खिचडी भरवत होती. तीन-चार चमचे झाले आणि बाबा स्पष्ट म्हणाले, "बस."

ती धावत माझ्याकडे आली. बाबूजी बोले, बाबूजी बोले! मी पुण्याला आत्याला फोन लावला, ऑफिसात पेढे नेले. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा सवयीचेच शब्द परत येतात, ही चांगली खूण आहे. आता एकामागून एक शब्द येतील म्हणून मी वाट बघत राहिले. दुसरा शब्द आला नाही. हाच येत राहिला. चार घास झाले की बस. मी ऑफिसातली गंमत सांगायला लागले की बस. मालिश करायला घेतली की बस. आम्ही चमचा खाली ठेवायचो, तोंड पुसायचो, आणि ते मान वळवून भिंतीकडे बघायचे.

मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहून शिकणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा मेट्रो बदलत यायची, बाबांना बोलायला शिकवायला. पहिल्या दिवशी तिने फॉर्म भरताना विचारलं, घर में कौन सी भाषा बोलते हैं? मी म्हणाले, हिंदी ही लिख दो. तिला मराठी येत नव्हती, मग उगाच कशाला तिची अडचण करा, एवढाच विचार. शिवाय ते पुरतं खोटंही नव्हतं. आई गेल्यापासून आमच्या घरात मराठी देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारखी झाली होती, सणावाराला घासून काढायची. एरवी अच्छा, चलो, ठीक है. ती मुलगी चित्रं दाखवून म्हणायची, बाबूजी, बोलिए, चम्मच. बाबा तिच्याकडे चुकीच्या सेक्शनला आलेल्या फाइलकडे बघावं तसे बघायचे आणि म्हणायचे, बस. फेब्रुवारीत मी तिला यायला नको म्हणून सांगितलं. माणूस स्वतःच नको म्हणतोय तर जबरदस्ती कशाला.

बाबा वाळत चालले होते. घड्याळाच्या पट्ट्याला मी दोनदा नवं भोक पाडलं, शेवटी घड्याळच काढून ठेवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इतकं कमी खाऊन भागणार नाही. नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर मग घालायचीच नाही असं ठरवून, त्रास होऊ न देता जेवढे दिवस मिळतील तेवढे. त्यांना काय हवं असेल याचा विचार करा, असं ते म्हणाले. सोमवारी दुपारी ते घरी येणार होते, तोवर मी ठरवायचं होतं.

विचार काय करायचा? बाबांनी जन्मात कधी शब्द वाया घालवला नाही. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं फायलींवर दोन ओळींत निकाल देणारा माणूस. आता एकच शब्द उरला, तर त्यातही त्यांनी निकाल देऊन टाकला, असं मी धरून चालले होते. तरी माझा जीव टांगणीला लागला होता. काहीतरी उलटी खूण दिसू दे, एवढंच मागत होते. एक हसू, एक नजर, अजून मला इथे राहायचंय असं सांगणारं काहीही. आणि तो सोमवार नेमका पुरस्कारांचा होता. आपल्याकडे सोहळा पहाटे लागतो. मी आपल्या मनाशी ठरवलं की बाबांच्यात काही शिल्लक असेल तर ते त्या सकाळी दिसेल, आणि नाहीच दिसलं तर नळीला नाही म्हणायचं.

हे असं का ठरवलं, ते सांगायला लक्ष्मीबाई नगरात जावं लागेल. माझं लहानपण तिथल्या सरकारी क्वार्टरमधलं. आमच्या ब्लॉकमध्ये पहिल्यांदा केबल आली ती आमच्याकडे, आणि पुरस्कारांच्या दिवशी पहाटे अख्खा जिना आमच्या दोन खोल्यांत यायचा. वरचे बंगाली काका, ज्यांच्या मते जगातला प्रत्येक पुरस्कार चुकीच्याच माणसाला मिळतो. समोरच्या पंजाबी आंटी, ज्यांना फक्त कपडे बघायचे असायचे, आणि कपड्यांवरून विजेते ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई पातेलंभर चहा टाकायची. बाबांनी ऑफिसच्या पद्धतीने एक फाइल उघडली होती, लाल टॅग लावलेली. सोहळ्याआधी प्रत्येकाने आपापले अंदाज त्यात लिहून खाली सही करायची. नंतर खाडाखोड चालायची नाही.

निकाल लागला की गोंधळ व्हायचा. कुणी आनंदाने उठायचं, कुणी तावातावाने. बाबांचा एकच कायदा होता की उभ्याने मत नाही. ज्याला काही म्हणायचंय त्याने आधी खाली बसायचं, मग बोलायचं. उभा माणूस ऐकतही नाही आणि विचारही करत नाही, त्याला फक्त निघायची घाई असते, असं त्यांचं म्हणणं. बंगाली काकांनासुद्धा ते हाताला धरून बसवायचे. जेवणालाही तोच कायदा. आईने ताट उभ्याने वाढलं तरी ती बसेपर्यंत ते घास हातात धरून ठेवायचे.

या मंडळींपैकी शेवटपर्यंत टिकले ते एकच, बाबांचे ऑफिसातले मित्र. नगरचे मराठी ख्रिस्ती, मी त्यांनाही काकाच म्हणते. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती, पण शेवटपर्यंत अहो-जाहो. निवृत्तीनंतर दोघांनीही मयूर विहारातच घर घेतलं, दोन सोसायट्या सोडून. आई गेली, बाकीचे आपापल्या गावी गेले, तरी दर वर्षी त्या दिवशी सकाळी काका त्यांच्याकडे ठेवलेली फाइल घेऊन चालत यायचे आणि ती उघडायची. त्या हिवाळ्यात मात्र ते दिल्लीत नव्हते. इथल्या हवेने त्यांची छाती भरते, म्हणून दसऱ्यानंतर लगेच ते मुलीकडे नगरला गेले होते. बाबांचं त्यांना फोनवरच कळलं होतं.

सोमवारी पहाटे मी बाबांना उशांचा टेकू देऊन बसवलं, नवा सदरा घातला, टीव्ही लावला. मदतीची बाई आठला येणार होती. माझी तर ड्यूटीच होती. चार्जरची वायर जिथवर पुरत होती तिथे, शोकेसवर लॅपटॉप ठेवला आणि उभ्याने कामाला लागले. उभ्याने मला जास्त सुचतं, असं मीच लोकांना सांगते.

पहिला पुरस्कार सहायक अभिनेत्याचा. ज्याचं नाव सगळे घेत होते त्याच्या तोंडाला पानं पुसली गेली. माझ्या स्क्रीनवर धो धो ओळी पडायला लागल्या. परीक्षक झोपले होते काय. हा सिनेमा पाहिलाय तरी कुणी. अखेर न्याय झाला. मी टाइप करता करता ओरडून सांगत होते, बाबा, बघा, बंगाली काका असते तर आज टीव्ही फोडला असता. बाबा टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"बस," ते म्हणाले.

मी आवाज कमी केला. मधल्या जाहिरातीत वाटीत मऊ भात घेऊन आले, त्यांच्या उशाशी उभं राहून दोन घास दिले, एक डोळा लॅपटॉपवर. ध्वनीचा पुरस्कार जाहीर झाला तशी वाटी ठेवून पुन्हा शोकेसकडे धावले.

"बस." या खेपेला जोरात.

बंद करू का बाबा, मी विचारलं. त्यांनी डावा हात पलंगाच्या कडेच्या दांडीवर आपटला. बस, बस. असं ते कधी चिडले नव्हते. मी टीव्ही बंद केला. बाबांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते कानापर्यंत गेलं. मी पुसलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. मला माझी खूण मिळाली होती. ज्या दिवसाची ते वर्षभर वाट बघायचे, तो दिवससुद्धा त्यांना नको होता. दुपारी डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरलं. लॅपटॉपवर एडिटरचे मेसेज वाजत होते, रिएक्शन कहाँ हैं यार.

सातच्या सुमारास बेल वाजली. दारात काका. डोक्याला कानटोपी, हातात ती लाल टॅगची फाइल. आदल्याच दिवशी नगरहून आले होते. मी त्यांना काही सांगायच्या आत ते आत आले आणि पलंगावरच्या बाबांना बघून दोन पावलांवर थबकले. फोनवर ऐकणं वेगळं. त्यांचा चेहरा पडला. टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले.

बाबांनी डोळे उघडले. काकांना बघितलं. डावा हात उचलला, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे केला, आणि म्हणाले, "बसा."

"बसतो, बसतो," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. चाळीस वर्षं ते दारात आले की बाबा हेच म्हणत आले होते. मी चहा टाकायला वळले होते, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांची नजर काकांवरून माझ्याकडे वळली.

"बस," ते मला म्हणाले.

काकांना बसा. मला बस. मोठ्यांना बसा, लेकीला बस. हे पहिलीतल्या पोराला कळतं, आणि मला, शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला, चार महिने कळलं नव्हतं. माझ्या कानांत तो शब्द हिंदीच होऊन बसला होता. बस भैया, यहीं रोक दो. चाय बस, और नहीं. मराठीतही आपण वैतागलो की बस्स म्हणतोच, त्यामुळे शंकासुद्धा आली नाही. बाबांनी मात्र तो कधीच हिंदीत म्हटला नव्हता. माझे बाबा मला बस म्हणत होते. जेवू घालताना उशाशी उभी, औषध देताना उभी, बोलतानाही चपला घालून दाराकडे तोंड करून उभी. त्या उंच पलंगापाशी आम्ही सगळ्याच उभ्या असायचो. बस गं, जरा टेक, घास घेतो, आधी बस. आणि दर वेळी मी काय केलं? त्यांच्या तोंडापुढचा चमचा काढून घेतला आणि निघून गेले. माणूस भिंतीकडे तोंड करणार नाही तर काय करणार.

मी चहा टाकायचं सोडलं. पलंगाची कडेची दांडी खाली केली आणि बाबांच्या गुडघ्याशी बसले. त्यांनी लांब श्वास सोडला. मी म्हणाले, बाबा, चुकले. त्यांनी डाव्या हाताने गादीवर थोपटलं, लहानपणी दिवाणावर थोपटायचे तसं.

काकांनी टीव्ही लावायला सांगितला. मी भाताची वाटी घेतली. बाबांनी अख्खी वाटी संपवली, मध्ये एकदाही थांबायला सांगितलं नाही. काका फाइल उघडून आपले अंदाज मोठ्याने वाचत होते आणि एकेक चुकत होता. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यांनी ज्या युद्धपटावर सही ठोकली होती तो पडला आणि दोन बहिणींवरचा कुठलासा छोटा सिनेमा जिंकला. काका रागाने उठायला गेले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. काका मुकाट्याने पुन्हा खुर्चीत टेकले, आणि बाबांच्या घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता. लोक काय म्हणाले ते त्या वर्षी मी लिहिलं नाही. दुसऱ्या कुणी तरी लिहिलं असेल.

दुपारी डॉक्टर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. नळी तूर्त नको, खाऊ द्या, असं ते म्हणाले. मग बाबांचे दंड, पोटऱ्या हाताने चाचपून पाहिल्या, आणि मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा हळूच सांगितलं की शरीर फार उतरलंय, किती भरून येईल ते सांगता येत नाही. पाच महिन्यांपूर्वी ही ताकद होती, असं ते म्हणाले नाहीत. मला ते ऐकू आलं.

मी ऑफिसातून रजा घेतली. मदतीच्या बाईला स्टूल आणून दिलं आणि बस म्हणजे बैठो, असं शिकवलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, हाय राम, मैं तो कटोरी उठा लेती थी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. मुनिरकाच्या त्या मुलीलाही परत बोलावलं, फॉर्मवर हिंदी खोडून मराठी लिहायला लावलं, आणि तिच्याशेजारी बसून चमचा, पाणी, ऊन असे शब्द मीच म्हणून दाखवायला लागले. ऊनच्या पुढे बाबा गेले नाहीत, पण ऊन म्हणाले.

सात-आठ आठवडे ते जेवले. मी समोर बसायचे आणि ते जेवायचे. त्या काळात मला रोज सकाळी जाग आली की आधी परत नेलेल्या वाट्यांचा हिशेब सुरू व्हायचा. किती वाट्या, किती घास, मागे मागे जात मी आठवायचे, दिवाळीपर्यंत, आणि मग उठून भात मऊ करायला घ्यायचे. बाबांनी मला माफ केलं होतं, बहुतेक त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही नव्हतंच. त्याने माझं काही भागलं नाही.

मे महिन्यात त्यांच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटल, पुन्हा घर. घोट गिळताना ठसका लागायला लागला. कूलरच्या आवाजात मी खुर्ची अगदी पलंगाला लावून बसायचे, त्यांचा श्वास ऐकू यावा म्हणून.

एका दुपारी दोन चमचे पेज गेली. तिसरा मी ओठांपाशी नेला तेव्हा त्यांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. हाताला वजनच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बस."

मी बसलेलीच होते. मघापासून, तासभर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून. माणसाच्या चार शब्दांवरून त्याचा रोख ओळखणं हे माझं काम, आणि हा तर एकच होता. या खेपेला तो मराठीतला नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं.

"बसलेय ना बाबा," मी म्हणाले, आणि चमचा पुढे केला.